नांदेड पुण्यात पण आहे: वेगवेगळ्या सरकारी खात्यांचा डेटा एकत्र आणायचा तर कामाला लागायचं कसं

समजा तुमच्यावर ही जबाबदारी आली. साहेबांनी मीटिंगमधून बाहेर येता येता सांगितलं की पुणे परिसराचा सगळ्या खात्यांचा डेटा एका जागी पाहिजे, एक डॅशबोर्ड करून टाका, महिना आहे तुमच्याकडे. हे वाक्य मी वेगवेगळ्या ऑफिसांत इतक्या वेळा ऐकलंय की आता डॅशबोर्ड हा शब्द आला की मी आधी पाणी पितो. मी कंत्राटावर नकाशांचं काम करतो, जीआयएस, म्हणजे एका खात्याची यादी दुसऱ्या खात्याच्या नकाशावर बसवायची आणि ती बसत नाही हे तिसऱ्या खात्याला समजावून सांगायचं. त्यातून जे शिकलो ते इथे लिहितोय. तुम्ही महापालिकेत असा, झेडपीत असा, जलसंपदाला असा किंवा माझ्यासारखे बाहेरून आलेले असा, घोळ सगळीकडे तेच आहेत.

पहिलं म्हणजे "सगळा डेटा" हे डोक्यातून काढून टाका. एक प्रश्न घ्या. एकच, आणि असा की ज्याचं उत्तर कुठल्याच एका ऑफिसकडे पूर्ण नाही. उदाहरण लांब शोधायला नको, जानेवारी २०२५ आठवा. सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गियां बारे सिंड्रोमचे म्हणजे जीबीएसचे (नसांचा आजार, दूषित पाण्यातल्या जंतुसंसर्गानंतरही होऊ शकतो) पेशंट वाढायला लागले आणि पुढे आकडा दोनशेच्या वर गेला. तेव्हा प्रश्न सरळ होता, पेशंट राहतात कुठे आणि त्यांच्या घरी पाणी येतं कुठून. आता बघा हे कुणाकुणाकडे होतं. पेशंट ज्या हॉस्पिटलात ॲडमिट ते एका हद्दीत, घर दुसऱ्या हद्दीत. नमुने तपासायला एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, ती केंद्राची. पाण्याची लाइन महापालिकेची, पण बऱ्याच सोसायट्यांना टँकर आणि बोअर. धरण जलसंपदाचं. भूजलाचं ज्ञान भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे, तिचं मुख्य ऑफिस पुण्यातच आहे. आणि ग्रामीण भागातले पेशंट झेडपीच्या आरोग्य विभागाकडे. त्या दिवसांत राज्याच्या आरोग्य खात्याचं रोजचं पत्रक ज्यांनी वाचलंय त्यांना आठवत असेल, त्यात पुणे मनपा वेगळं, मनपात नवीन समाविष्ट गावं वेगळी, पिंपरी-चिंचवड वेगळं, पुणे ग्रामीण वेगळं आणि इतर जिल्हे वेगळे असे आकडे यायचे. "नवीन समाविष्ट गावं" हा वेगळा रकाना का करावा लागला, यातच सगळं आलं.

प्रश्न ठरला की कागदावर, खरंच कागदावर, दोन रकाने आखा. एकीकडे काय माहिती पाहिजे, दुसरीकडे ती पहिल्यांदा लिहिली कुठे जाते. कुणाकडे मिळते हे विचारू नका, लिहिली कुठे जाते ते विचारा. कारण एकाच विहिरींची यादी तुम्हाला चार ऑफिसांत मिळेल आणि त्यातल्या तीन ठिकाणी ती कधीतरी कुणीतरी पेनड्राइव्हवर आणून टाकलेली असते. जिथे माणूस प्रत्यक्ष विहिरीपाशी जाऊन नोंद करतो ते मूळ घर. मी याला मालक म्हणतो, इंग्रजीत कस्टोडियन म्हणतात तेच. प्रत्येक यादीला मालक एकच, बाकी सगळे वाचणारे. वाचणाऱ्याला चूक दिसली तर त्याने आपल्या कॉपीत दुरुस्त करायची नाही, मालकाला कळवायची. बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण ही ओळ सगळ्यांकडून मान्य करून घ्या, कारण हे मान्य न झाल्यामुळेच सहा महिन्यांनी पाच याद्या पाच तोंडांनी बोलायला लागतात.

आता हद्द. इथे जरा वेळ घालवा, पुण्यात तर घालवाच.

पुणे महापालिकेत ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावं आली, त्यात धायरीचा आधी बाहेर राहिलेला भाग होता. मग जून २०२१ मध्ये अजून तेवीस आली, त्यात नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, वाघोली, सूस, म्हाळुंगे वगैरे. मग आधी आलेल्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०२४ मध्ये बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. म्हणजे "पुणे मनपा हद्द" नावाची फाइल तुम्हाला कुणी दिली तर पहिला प्रश्न हाच की कुठल्या तारखेची? त्यात पोलिसांची हद्द वेगळीच. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालं आणि त्याच्या हद्दीत हिंजवडी-चाकण पण येतं, जे पिंपरी-चिंचवड महापालिकेत नाही. पुणे, खडकी आणि देहूरोड ही तीन कॅन्टोन्मेंट संरक्षण मंत्रालयाखाली, त्यामुळे महापालिकेच्या नकाशावर कॅम्प म्हणजे मधोमध पांढरं भोक दिसतं, जसं काही तिथे माणसंच राहत नाहीत. पीएमआरडीएचं, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं क्षेत्र या सगळ्याच्या बाहेर पसरलेलं. आणि पीएमपीएमएलची बस, दोन महापालिकांच्या बससेवा २००७ मध्ये एकत्र करून झालेली, ती यातली कुठलीच हद्द न मानता पळते.

म्हणून नियम करा, हद्दीच्या प्रत्येक फाइलच्या नावातच "लागू दिनांक" टाकायचा, आणि जुनी फाइल डिलीट करायची नाही. २०१९ चे पेशंट २०१९ च्या हद्दीवर मोजायचे. नाहीतर काय होतं, महापालिकेची लोकसंख्या, साथ, पाणी सगळं एका वर्षात धाडकन वाढलेलं दिसतं आणि वरचे साहेब विचारतात असं काय झालं हो त्या वर्षी. काही झालेलं नसतं, गावं आलेली असतात. जनगणनेचे आकडे वापरताना तर डोळ्यात तेल घालून बघा, अजून बऱ्याच जागी २०११ चीच लोकसंख्या भाजक म्हणून वापरतात आणि त्या वेळी ही चौतीसच्या चौतीस गावं पूर्ण किंवा थोडीफार महापालिकेच्या बाहेर होती.

हद्दीनंतर नावं. नावावर कधीही जोडणी करू नका. एका ऑफिसात आम्ही दोन याद्या गावाच्या नावावर जोडल्या, आणि सिंहगड रोडच्या नांदेडचे सगळे नळ थेट मराठवाड्यात जाऊन बसले, कारण कॉम्प्युटरला नांदेड म्हटलं की जिल्हाच आठवतो. हसून झालं, पण त्या दिवशी रात्री दहापर्यंत बसलो. आंबेगाव म्हटलं तर बुद्रुक का खुर्द का तो भीमाशंकरकडचा तालुका? वडगाव म्हटलं तर बुद्रुक, खुर्द, शेरी का मावळ? आणि एकाच गावाचं बुद्रुक एकीकडे पूर्ण लिहिलेलं, दुसरीकडे बु., तिसरीकडे बु आणि पुढे दोन दंड. कोथरूड ऱ्हस्व का दीर्घ यावर तर दोन माणसं भांडू शकतात. माणसाला कळतं, मशीनला ही तीन वेगळी गावं.

उपाय कोड. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी आहे, एलजीडी म्हणतात, त्यात प्रत्येक गावाला, ग्रामपंचायतीला, नगरपालिका-महापालिकेला नंबर आहे. जनगणनेचे वेगळे कोड आहेत, २०११ मध्ये महाराष्ट्र २७ आणि पुणे जिल्हा ५२१. दोन्ही रकाने ठेवा, कुठला कुठला हे वर लिहा. जमिनीच्या पातळीवर गेलात तर गावात गट नंबर, जुन्या कागदात सर्व्हे नंबर, शहरात सिटी सर्व्हेचा सीटीएस नंबर, आणि हे तिन्ही एकाच तुकड्याचे असू शकतात. हल्ली सातबारावर यूएलपिन येतो, भू-आधार, म्हणजे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याचा स्वतःचा वेगळा नंबर, तो मिळाला तर सोन्याहून पिवळं. जमिनीचे सगळे प्रश्न शेवटी भूमी अभिलेखकडे जातात आणि जमाबंदी आयुक्तांचं ऑफिस पुण्यातच आहे, त्यामुळे निदान मुंबईला खेटे घालायला लागत नाहीत.

एक्सेलचं इथेच सांगून टाकतो. कोडचा रकाना आधी टेक्स्ट करा, मग पेस्ट करा. नाहीतर पुढचं शून्य उडतं आणि लांबलचक नंबराचं ई-प्लस-काहीतरी होऊन बसतं, आणि सेव्ह केल्यावर मूळ आकडे परत येत नाहीत. तारखा पण तशाच. पानशेतचं धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला, पण ती तारीख आकड्यांत टाकली आणि कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकेची असली तर ते फुटतं ७ डिसेंबरला. वर्ष-महिना-दिवस असंच लिहायचं, सगळ्यांनी, कायम. मर्ज केलेले सेल नकोत, रंग देऊन माहिती सांगणं नको (लाल म्हणजे काय हे फक्त त्या क्लार्कताईंना माहीत असतं आणि त्या रिटायर होतात), आणि जुन्या फॉन्टमधलं मराठी आलं तर ते आधी युनिकोडमध्ये आणा. श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमधली यादी दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची उसळ दिसते. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं एकदा माणसाने वाचायलाच लागतात.

एककं. हे किरकोळ वाटतं पण खरी भांडणं इथे होतात. जलसंपदा टीएमसी आणि क्युसेकमध्ये बोलते, महापालिकेचा पाणीपुरवठा एमएलडीमध्ये. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. एक टीएमसी म्हणजे २८३१ कोटी लिटरच्या आसपास, वर्षभरात वाटलं तर रोजचे साधारण साडेसत्त्याहत्तर एमएलडी होतात. एक क्युसेक सलग दिवसभर चाललं तर अंदाजे २.४५ एमएलडी. हे दोन आकडे मी मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवलेत. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साठवण साधारण २९ टीएमसी, तर त्यातलं शहराने किती घेतलं यावर दोन खात्यांचे आकडे जुळत नाहीत असं वाटलं की आधी बघा, एकजण धरणाच्या तोंडाशी मोजतोय का आणि दुसरा शुद्धीकरण केंद्रावर. दोघंही बरोबर असू शकतात. जमिनीत पण तेच, सातबारा हेक्टर-आरमध्ये आणि बोलणारे सगळे गुंठ्यात. एक गुंठा १०१.१७ चौरस मीटर, एक आर १०० चौरस मीटर, फरक एका टक्क्याच्या जरा वर, एका प्लॉटला कळत नाही पण अख्ख्या गावाची बेरीज केली की मोजणीवाले हाका मारतात.

नकाशाचं बोलायचं तर अक्षांश-रेखांश उलटे टाकू नका एवढंच. पुणे साधारण १८.५ उत्तर, ७३.८ पूर्व. उलटं झालं की तुमची सार्वजनिक शौचालयं नॉर्वेच्या वरच्या समुद्रात सापडतात, मी पाहिलीयत. मीटरमध्ये काम करायचं असेल तर पुण्यासाठी यूटीएम (अंशांऐवजी मीटरमध्ये जागा सांगायची पद्धत) झोन ४३ उत्तर, आणि प्रत्येक फाइलबरोबर हे लिहून द्यायचं.

इथपर्यंत सगळं तुमच्या हातातलं होतं. आता माणसं.

पुणे परिसरात अडचण ही आहे की यात कुणीच कुणाचा साहेब नाही. दोन महापालिका दोन वेगळे आयुक्त, झेडपीला सीईओ, जिल्हाधिकारी महसूलचे, जलसंपदा आणि पीडब्ल्यूडी राज्याचे, कॅन्टोन्मेंट आणि राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे, महावितरण कंपनी. त्यामुळे "सर्व संबंधितांनी माहिती सादर करावी" असलं पत्र गेलं की ते आवकमध्ये पडतं, त्यावर शेरा मारला जातो आणि संपलं. मग पत्र कुणाच्या सहीने जावं याचा विचार करा. पूर, साथ असा विषय असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने, कारण २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली ते जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि तिथे खात्यांना टाळाटाळ करणं अवघड जातं. दोन-तीन जिल्ह्यांचा विषय असेल तर विभागीय आयुक्त. निव्वळ दोन ऑफिसांतला असेल तर अर्धशासकीय पत्र, नावाने, आणि ते पोचायच्या आदल्या दिवशी फोन. फोन आधी, पत्र नंतर. उलटं केलं की समोरच्याला वाटतं ही चौकशी आहे.

पत्रात काय मागायचं ते नेमकं लिहा. "पाणी गुणवत्तेची माहिती" असं मागितलं तर स्कॅन केलेली चाळीस पानांची पीडीएफ येते, वाकडी. त्यापेक्षा रिकामी शीटच जोडा, रकान्यांची नावं टाकून, दोन ओळी उदाहरण भरून. आणि अजून एक, तुम्ही काय देणार ते पण त्याच पत्रात लिहा. लोक डेटा का देत नाहीत याचं माझं मत सांगतो, आळस फार कमी वेळा असतो. भीती असते की आमच्या आकड्यावरून आम्हालाच झोडपतील, आणि अनुभव असतो की दिलेलं परत कधी उपयोगी पडून येत नाही. एका ठिकाणी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या लॅबकडून आम्ही दर आठवड्याला यादी घ्यायचो, घ्यायचोच नुसते. मग एकदा त्यांना त्यांचेच नमुने नकाशावर टाकून दिले, कुठल्या भागातून गेल्या तीन महिन्यांत एकही नमुना आलेला नाही ते दिसेल असं. तिथल्या मॅडमनी तो प्रिंट भिंतीला लावला आणि त्यानंतर आम्हाला आठवण करायचा फोन एकदाही करावा लागला नाही.

सामंजस्य करार करायचा का? मोठं, कायमचं काम असेल तर करा, पण त्याची वाट बघत बसू नका, तो विधी विभागात फिरत राहतो. तोपर्यंत मीटिंगचं इतिवृत्त पुरतं. मात्र इतिवृत्तात पाच गोष्टी नावानिशी आल्या पाहिजेत: कुठली यादी, मालक कोण, किती दिवसांनी अपडेट, चूक कळवायची कुठे, आणि बाहेर कुणाला दाखवायची. नाव म्हणजे माणसाचं नाव नको, पदाचं हवं. "कनिष्ठ अभियंता, अमुक कार्यासन" असं, कारण बदल्या होतात. आणि त्या पदाचा ईमेल कॉमन असू द्या, कुणाच्या खासगी मेलवर तीन वर्षांचा डेटा पडलाय आणि ते साहेब आता गडचिरोलीला, हे मी भोगलंय.

चुका परत पाठवायची सोय सगळ्यात जास्त दुर्लक्षित असते. एक साधी शीट ठेवा, कुठली नोंद, काय चुकलं, कुणी कळवलं, कधी, मालकाने काय केलं. शेवटचा रकाना रिकामा राहिलेल्या ओळी दर महिन्याच्या मीटिंगमध्ये वाचायच्या, मोठ्याने. बस, एवढंच, त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.

खासगी माहितीबद्दल नीट ऐका. जीबीएससारख्या विषयात पेशंटचं नाव, मोबाइल, फ्लॅट नंबर हे सगळं हॉस्पिटलच्या यादीत येतं आणि घाईत ते व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे हे एक झालंच, पण कायदा नसता तरी हे करू नये, सोसायटीत लोक त्या घराशी बोलेनासे होतात. पेशंटचा पत्ता ज्या खात्याने घेतला त्यानेच तो गावाच्या किंवा प्रभागाच्या कोडमध्ये बदलायचा आणि पुढे फक्त कोड, वयोगट, तारीख द्यायची. पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरला कुठल्या टाकीखालचा भाग एवढंच लागतं, नाव लागत नाही. आणि पेशंट कुठे ॲडमिट आहे आणि राहतो कुठे हे दोन वेगळे रकाने हवेतच, नाहीतर मोठी हॉस्पिटलं जिथे आहेत तिथेच साथ आहे असं नकाशा ओरडून सांगतो.

बाकीचं मात्र मोकळं करा. २०१२ च्या राष्ट्रीय डेटा शेअरिंग धोरणात तीन कप्पे आहेत, सगळ्यांना खुला, नोंदणी करून मिळणारा आणि मर्यादित. प्रत्येक यादी कुठल्या कप्प्यात ते मालकानेच पहिल्या मीटिंगमध्ये सांगायचं. धरणाचा साठा, पाण्याच्या नमुन्यांचे निकाल, बस थांबे, खोदाईच्या परवानग्या हे खुलं ठेवायला कुणाचीच हरकत नसावी, माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातलं कलम चार पण हेच सांगतं की कुणी अर्ज करायची वाट न बघता स्वतःहून प्रसिद्ध करा. खोदाईवरून आठवलं, रस्ता झाला की आठवड्यात केबलवाले येतात यावर आपण सगळे चिडतो, तर केंद्राने मार्च २०२३ मध्ये "कॉल बिफोर यू डिग" ॲप आणलंय, खोदणाऱ्याने खोदायच्या आधी खाली कुणाच्या लाइन आहेत त्यांना कळवायचं. पण जमिनीखालचा नकाशाच धड नसेल तर ॲप तरी काय सांगणार.

पोर्टल, डॅशबोर्ड वगैरे आता करा. आता म्हणजे तीन-चार महिने याद्या नियमित यायला लागल्यावर. आधी केलं तर उद्घाटनाच्या दिवशीचे आकडे दोन वर्षं तसेच दिसत राहतात, खाली छोट्या अक्षरात "शेवटचे अपडेट" आणि एक जुनी तारीख.

आणि मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, एकदा खोटी चाचणी घ्या. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, तशी वेळ आली असं समजून चालायचं. सकाळी सहाला धरणावरून एक आकडा सोडायचा, चाचणी आहे असं ठळक लिहून, आणि घड्याळ लावून बसायचं. जलसंपदाकडून महापालिकेच्या आपत्ती कक्षात किती मिनिटांत, तिथून क्षेत्रीय कार्यालयात किती, आणि त्या ऑफिसातल्या माणसाकडे अमुक हजार क्युसेकला कुठल्या सोसायट्यांपर्यंत पाणी येतं याची यादी आहे का, असली तर कुठल्या वर्षीची. आम्ही असं एकदा छोट्या प्रमाणावर केलं तेव्हा आकडा पुढे फिरला अकरा मिनिटांत, आणि यादी शोधायला पावणेदोन तास लागले, ती कपाटात होती आणि किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे.